दोन लाख नव्व्याण्णव हजार विरोधक

३,९८,१४१. जुलै १९५६ मध्ये गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत क्वामे एन्क्रुमा यांच्या पक्षाला पडलेली ही एकूण मते. आज महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या एका मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला उमेदवारही पुष्कळदा एवढी मते घेऊन घरी बसतो, आणि महिनाभरात लोक त्याचे नाव विसरतात. तिथे मात्र एवढ्या मतांवर एक देश जन्माला आला. आठ महिन्यांनी, ६ मार्च १९५७ ला, गोल्ड कोस्टचे घाना झाले. पश्चिम आफ्रिकेत ब्रिटिशांच्या हातून सुटलेली ती पहिली वसाहत.

त्या निवडणुकीत विरोधकांना आणि अपक्षांना मिळून पडलेली मते होती २,९९,११६. जिंकलेल्या आकड्याबद्दल ढीगभर लिहिले गेले आहे. मला या दुसऱ्या आकड्याचे कुतूहल जास्त आहे, कारण पुढच्या आठ वर्षांत तो ज्या वेगाने आटत गेला, तो वेग कोणत्याही नदीला जमणार नाही. पण आटण्याआधी तो भरला कसा, ते पाहावे लागते.

१९४६ सालचा गोल्ड कोस्ट घ्या. गव्हर्नर अ‍ॅलन बर्न्स यांच्या राज्यघटनेने विधिमंडळात ३१ सभासद बसवले आणि आफ्रिकन सभासदांचे बहुमत दिले. वसाहतींच्या हिशेबात ही मोठीच उदारता म्हणायची. पण लोकांनी थेट मत देऊन निवडलेले त्यांतले किती? पाच. अक्राचे दोन, केप कोस्ट, सेकोंडी-ताकोराडी आणि कुमासी यांचा प्रत्येकी एक. बाकीचे निवडून आलेले सभासद मुख्यतः पारंपरिक राजांच्या परिषदांतून येत. उत्तरेकडच्या प्रदेशाला तर एकही जागा नव्हती. तिथला कारभार गव्हर्नर आपल्या सहीनेच चालवी. दोन वर्षांनी झालेल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ४१ लाखांच्या वर भरली. एक्केचाळीस लाख माणसे आणि पाच थेट प्रतिनिधी. पाच वर्षांत लोकांच्या मतांतून भरायच्या जागा ३८ झाल्या, आणखी तीन वर्षांत १०४. ब्रिटनला सर्वांना मताचा हक्क देईपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे लागली होती. इथे तो पल्ला आठ वर्षांत कापला गेला. पक्षांना वाढायला एवढाच वेळ मिळाला, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही समजते.

पहिला म्हणावा असा पक्ष ४ ऑगस्ट १९४७ रोजी सॉल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावी निघाला: युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन. लाकडाचे बडे व्यापारी जॉर्ज ग्रँट अध्यक्ष, आणि विद्वान वकील जे. बी. डांक्वा त्याचा मेंदू. मंडळी सुशिक्षित, नेमस्त, कोटटाय घालणारी. स्वराज्य हवे, पण शक्य तितक्या लवकर, म्हणजे घाईने नव्हे. आपापली वकिली सांभाळून पक्ष चालवायला कुणाला फुरसत नव्हती, म्हणून एक पगारी सरचिटणीस शोधला. बारा वर्षे अमेरिकेत आणि लंडनमध्ये काढलेला, अडतिशीच्या आसपासचा एक माणूस डिसेंबर १९४७ मध्ये बोटीने परतला. तेच एन्क्रुमा.

आत्मचरित्रात ते सांगतात की पक्षाच्या कागदावर तेरा शाखा होत्या, प्रत्यक्षात जेमतेम दोन सापडल्या आणि त्याही निजलेल्या. सहा महिन्यांत त्यांनी पाचशे शाखा उभ्या केल्या. पाचशेला एकशे ऐंशी दिवसांनी भागले तर दिवसाला जवळजवळ तीन शाखा होतात. त्या सहा महिन्यांतले काही आठवडे तर ते स्थानबद्धही होते. आकडा त्यांचा स्वतःचाच आहे, तेव्हा थोडे मीठ लावूनच घ्यावा. पण अर्धा जरी खरा मानला तरी वकिलांच्या त्या पक्षाला धडकी भरावी असाच आहे.

स्थानबद्धता कशाबद्दल? २८ फेब्रुवारी १९४८ रोजी माजी सैनिकांचा एक मोर्चा अक्रामध्ये गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाला. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टमधून सुमारे ६५,००० माणसे लष्करात गेली होती. त्यांतली पुष्कळ हिंदुस्थानमार्गे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढून आली होती. परत आल्यावर ना नोकरी, ना कबूल केलेले लाभ. पोलिसांनी गोळी चालवली आणि तीन जण पडले: सार्जंट अजेते, कॉर्पोरल अत्तिपो, शिपाई ओदार्ते लँप्टी. त्याच दिवशी परदेशी व्यापाऱ्यांच्या मालावरचा महिनाभराचा बहिष्कार संपला होता, लोक बाजारात आले तर भाव उतरलेले दिसेनात. मग दुकाने जळाली. दंगलीत २९ ठार, २३७ जखमी. सरकारने कन्व्हेन्शनच्या सहा पुढाऱ्यांना उचलले. त्या सहांनी दंगल घडवली नव्हती, पण अटकेने मात्र त्यांना घडवले. ‘बिग सिक्स’ म्हणून घानात आजही त्यांना ओळखतात, त्यांचे चेहरे नोटांवर आहेत.

सहांतले पाच आणि एक यांचे पुढे जमणे शक्यच नव्हते. १२ जून १९४९ ला अक्राच्या मैदानात एन्क्रुमांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी, म्हणजे सीपीपी, जाहीर केली. घोषणा एकच: स्वराज्य, आत्ता. साठ हजार माणसे जमली होती असे ते लिहितात. त्या वेळी अख्ख्या अक्रा शहराची वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर, तान्ह्या मुलांसकट. म्हणजे निम्मे शहर मैदानात उभे होते, किंवा मोजणारा उत्साही होता. सभेचे आकडे कुठल्याही देशात असेच वाढतात, आपल्याकडच्या वाचकाला ते सांगायला नको.

सभेपेक्षा मतपेटी बरी, तिथे दोन्ही बाजूंचे डोळे असतात. जानेवारी १९५० मध्ये एन्क्रुमांनी ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ पुकारली. संप, बहिष्कार, असहकार. प्रेरणा गांधींची, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सरकारने आणीबाणी लावली, त्यांना पकडले, एकूण तीन वर्षांची शिक्षा झाली आणि अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात रवानगी. बाहेर पक्ष सांभाळला तो कोमला ग्बेडेमा यांनी, जे आपली शिक्षा भोगून नुकतेच सुटले होते. हे नाव ध्यानात असू द्या.

फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक नव्या घटनेनुसार झाली. सभागृह ८४ जणांचे, त्यांतले ३८ पक्षांना जनतेच्या मतांतून लढवता येण्याजोगे. बाकी राजांच्या परिषदा, व्यापारी आणि खाणमालक, वर तीन सरकारी अधिकारी. मतदार बहुसंख्य निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह. सीपीपीचे चिन्ह लाल कोंबडा. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली तीही अशाच चिन्हांच्या पेट्यांवर. फरक एवढाच की आपल्या मतदारयादीत १७ कोटींवर नावे होती.

तुरुंगातल्या कैद्याने अक्रामधून उमेदवारी भरली. शक्य असलेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० त्यांना पडली, असा हिशेब ते देतात. हातातून सुटली ती ३४२. पक्षाने ३८ पैकी ३४ जागा घेतल्या. डांक्वांचा जुना पक्ष दोन-तीन जागांवर आला. चार दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, गव्हर्नर चार्ल्स आर्डेन-क्लार्क यांनी एन्क्रुमांना सोडले आणि दुसऱ्याच दिवशी सरकार बनवायला बोलावले. कैदी ते सरकारचा प्रमुख, मध्ये एक रात्र. गव्हर्नरचा हिशेब साधा होता: चौतीस जागांचा पुढारी आत ठेवला तर बाहेर राज्य कुणाच्या जोरावर करायचे?

यानंतरची तीन वर्षे सीपीपीची चांगली गेली आणि ती मी भरभर ओलांडतो. शाळांची फी गेली, प्राथमिक शाळांतली मुले दुपटीहून अधिक झाली, रस्ते झाले, बंदर आखले गेले. जून १९५४ मध्ये राजांच्या परिषदांची मधली पायरी काढून टाकून १०४ थेट जागांसाठी निवडणूक झाली. सीपीपीला सत्तरहून अधिक जागा, मते मात्र ५५ टक्के. इथे एक आकडा फार बोलका आहे. पक्षाचे तिकीट मिळाले नाही म्हणून बंड करून अपक्ष उभ्या राहिलेल्या ८१ जणांना एन्क्रुमांनी एका फटक्यात काढून टाकले. जागा १०४, बंडखोर ८१. पाच वर्षांच्या पक्षात तिकिटाला एवढी किंमत आली होती, कारण सत्तेत जायचा दुसरा रस्ताच उरला नव्हता. उत्तरेत तर नॉर्दर्न पीपल्स पार्टी एप्रिलमध्ये निघाली आणि जूनमध्ये बारा जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष झाली. मुसलमानांचा पक्ष, टोगोलँडमधल्या एवे लोकांचा पक्ष, अँलोच्या तरुणांची संघटना. दर मैलाला एक पाटी होती.

आणि मग कोको. गोल्ड कोस्ट तेव्हा जगात सर्वांत जास्त कोको पिकवणारा प्रदेश होता, पण त्यातला एक दाणाही शेतकरी स्वतः परदेशी विकू शकत नव्हता. सारा माल सरकारी मंडळ घेई, भाव मंडळच ठरवी. ऑगस्ट १९५४ मध्ये, निवडणुकीला दोन महिने होतात न होतात तोच, अर्थमंत्र्यांनी विधेयक आणले: पुढची चार वर्षे साठ पौंड वजनाच्या एका ओझ्याला ७२ शिलिंग, जास्त नाही. अर्थमंत्री कोण? ग्बेडेमा.

आकडेमोड करू. साठ पौंड म्हणजे सत्तावीस किलो; बायामाणसे ते डोक्यावर वाहून आणत. इंग्रजी टनात अशी सदतीस ओझी आणि वर एक तृतीयांश. ७२ शिलिंग म्हणजे ३ पौंड १२ शिलिंग. तेव्हा शेतकऱ्याला टनामागे १३४ पौंड ८ शिलिंग. त्या वर्षी जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला चारशे पौंडांच्या वर होता. प्रत्येक टनामागे २६५ पौंडांहून अधिक रक्कम शेतकऱ्याच्या हाताला न लागता वर गेली. पीक वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास. गुणाकार केला की पाच कोटी तीस लाख पौंड येतात. वाहतूक, साठवण, दलाली वजा करा, भाव पुढे पडले तेही धरा; तरी उरते ती रक्कम एका छोट्या देशाच्या अंदाजपत्रकाला पुरेल अशी आहे. सरकारचे म्हणणेही पोकळ नव्हते. सगळा पैसा एकदम बाजारात आला तर महागाई भडकेल, आणि शाळा, रस्ते, धरण यांना पैसा आणायचा कुठून? पण कोकोच्या बागा मुख्यतः अशांती प्रदेशात आणि किनाऱ्याच्या मागच्या जंगलपट्ट्यात, आणि नवे बंदर व नव्या इमारती अक्राच्या बाजूला. अशांतीच्या शेतकऱ्याला यात अर्थशास्त्र दिसले नाही, अक्रा दिसली.

१९ सप्टेंबर १९५४ रोजी कुमासीत हजारोंच्या जमावापुढे नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट, म्हणजे एनएलएम, निघाली. प्रमुख बाफुओर ओसेई अकोटो, अशांतीच्या राजाचे प्रवक्ते आणि स्वतः कोकोचे बागाईतदार. राजाच्या परिषदेने नव्या राजवाड्यासाठी जमवलेल्या निधीतून २०,००० पौंड चळवळीला दिले. नव्या सरकारी भावाने साडेपाच हजारांवर ओझी होतात. मागणी कोकोच्या भावावरून चालत चालत संघराज्यावर गेली: अशांतीला आपले विधिमंडळ, आपला खजिना. अशांतीचे चिन्ह साळिंदर, आणि जुनी म्हण अशी की हजार मारा, हजार पुन्हा येतील. तीन आठवड्यांच्या आत चळवळीचा प्रचारप्रमुख ई. वाय. बाफो सुरीने भोसकला गेला. मग बाँब, जाळपोळ, गावागावांत मारामाऱ्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये एन्क्रुमांच्या अक्रातल्या घरावरच बाँब पडला. देशाच्या पंतप्रधानाने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या देशातल्या अशांती प्रदेशात पाऊल ठेवले नाही. बहुमत असलेला माणूस, पण नकाशाचा मधला तुकडा त्याला बंद.

लंडनने तेव्हा एक अट घातली. पुन्हा निवडणूक घ्या. नव्या सभागृहाने वाजवी बहुमताने स्वातंत्र्य मागितले तर तारीख देऊ. वाजवी म्हणजे किती, हे सांगितले नाही. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मतदारांनी सोडवला होता असे एन्क्रुमा म्हणत होते आणि तो सुटलेला नाही असे विरोधक. आता लंडनने विरोधकांचे ऐकले होते, पण निवाडा पुन्हा मोजणीवरच टाकला होता.

त्याआधी मे महिन्यात आणखी एक मोजणी झाली, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पूर्वेकडचे ब्रिटिश टोगोलँड ही संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त भूमी होती, वसाहतीचा भाग नव्हे. ९ मे १९५६ रोजी तिथे सार्वमत झाले. गोल्ड कोस्टबरोबर जाण्याच्या बाजूने ९३,०९५, वेगळे राहण्याच्या बाजूने ६७,४९२. फरक २५,६०३. दक्षिणेतल्या हो आणि क्पांडू भागांत बहुमत वेगळे राहण्याच्या बाजूचे होते; पण हिशेब एकत्र झाला आणि पंचवीस हजारांच्या फरकाने सीमेची एक रेघ कायमची पुसली गेली.

जुलैमध्ये मुख्य मोजणी. नोंदलेले मतदार १३,९२,८७४. मत द्यायला आले ६,९७,२५७, म्हणजे अर्धे. देश जन्माला यायचा की नाही या प्रश्नावर दुसरा अर्धा घरी राहिला, हे मला आजही चकित करते. त्यात काही जागा बिनविरोध गेल्या, पावसाळ्याचे दिवस, पेटी कोसभर लांब, तरीही. सीपीपी ५७ टक्के, जागा ७१. लंडनच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

पण ७१ ची फोड करून पाहा. किनारी भागात, ज्याला तिथे नुसते ‘कॉलनी’ म्हणत, ४४ जागा होत्या आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सीपीपीला गेल्या. अशांतीत २१ पैकी ८. टोगोलँडमध्ये १३ पैकी ८. उत्तरेत २६ पैकी ११. किनारा सोडला तर साठांपैकी सत्तावीस. म्हणजे किनाऱ्याबाहेरच्या देशात, जागांच्या हिशेबाने, राष्ट्रपिता अल्पमतात होते. अशांतीत तर मतेही विरोधकांची जास्त: १,१९,०३३ विरुद्ध ९६,९६८. याचा अर्थ एन्क्रुमा अशांतीत नकोसे होते असाही नाही. दर शंभरातल्या पंचेचाळीस जणांनी बाँब आणि मारामाऱ्यांच्या मधून जाऊन त्यांच्याच पेटीत चिठ्ठी टाकली होती. ज्याला आपला एकजिनसी गड म्हणून एनएलएम मिरवत होती, तो असा मधोमध चिरलेला होता. दोन्ही बाजूंच्या घोषणा या एका ओळीने खोट्या ठरतात, म्हणून ती दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत जरा लपूनच असते.

३ ऑगस्टला स्वातंत्र्याचा ठराव सभागृहात आला. विरोधक फिरकलेच नाहीत. ७२ विरुद्ध शून्य. जनतेत सत्तावन्न आणि त्रेचाळीस, सभागृहात बहात्तर आणि काही नाही. पुढे सात महिन्यांनी अक्राच्या जुन्या पोलो मैदानावर मध्यरात्री युनियन जॅक उतरला. निक्सन आणि मार्टिन ल्यूथर किंग दोघेही त्या समारंभाला अक्रात होते.

शेजारच्या दोन मोजण्या इथेच सांगून टाकतो, कारण पश्चिम आफ्रिकेत त्या तीन वर्षांत मतपेटीने काय काय केले ते त्यावाचून कळत नाही. २८ सप्टेंबर १९५८ ला फ्रेंच गिनीत द गॉलच्या घटनेवर सार्वमत झाले: ‘नाही’ ११,३६,३२४, ‘होय’ ५६,९८१. चार दिवसांत गिनी स्वतंत्र झाला, फ्रेंच अधिकारी सामानसुमान उचलून निघून गेले आणि एन्क्रुमांनी आपल्या खजिन्यातून एक कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले. नायजेरियात डिसेंबर १९५९ च्या निवडणुकीत उलटाच चमत्कार. तिन्ही मोठ्या पक्षांत सर्वांत कमी मते मिळालेल्या नॉर्दर्न पीपल्स काँग्रेसला सर्वांत जास्त जागा मिळाल्या: १९ लाख २२ हजार मते, १३४ जागा. पूर्वेकडची एनसीएनसी आणि तिचा मित्रपक्ष यांना जवळजवळ २६ लाख मते, ८९ जागा. गडबड मोजणीत नव्हती. जागा लोकसंख्येवर वाटलेल्या, ३१२ पैकी १७४ उत्तरेला. आणि उत्तरेत बायकांना मतच नव्हते. जागा मिळवताना बायका मोजल्या, मत घेताना नाही.

आता घानाकडे, त्या २,९९,११६ कडे. डिसेंबर १९५७ मध्ये कायदा झाला: जात, टोळी, प्रदेश किंवा धर्म यांच्या नावावर पक्ष काढता येणार नाही. कायद्याचे शब्द कुणालाही मान्य व्हावेत असेच. त्याची चाहूल लागताच एनएलएम, उत्तरेचा पक्ष, मुसलमानांचा पक्ष, टोगोलँड काँग्रेस आणि अक्रातल्या गा लोकांची नवी संघटना या सगळ्यांनी आपापल्या पाट्या उतरवल्या आणि कोफी बुसिया या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाताखाली युनायटेड पार्टी केली. एका अर्थी कायद्याने विरोधकांना एक केले. पुढच्या वर्षी दुसरा कायदा आला: खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत स्थानबद्धता. मग एकेक सभासद एक तर सीपीपीच्या बाकांवर जाऊ लागला किंवा तुरुंगात. बुसिया १९५९ मध्ये परदेशी निघून गेले.

एप्रिल १९६० मध्ये प्रजासत्ताकाची घटना आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी एकत्र मतदान झाले. एन्क्रुमा १०,१६,०७६, डांक्वा १,२४,६२३. पगारी सरचिटणीसाविरुद्ध त्याला कधी काळी नेमणाऱ्या पक्षाचा म्हातारा. चार वर्षांत विरोधी मते निम्म्याहूनही खाली आली.

जानेवारी १९६४ मध्ये एकाच पक्षाचे राज्य असावे का यावर सार्वमत झाले. ‘होय’ २७,७३,९२०. ‘नाही’ २,४५२. टक्केवारी ९९.९१, आणि नोंदलेल्या शंभर मतदारांतले शहाण्णवहून अधिक मतदानाला आले म्हणे. सावकाश बघा. आठ वर्षांपूर्वी स्वातंत्र्यासाठी अर्धेच आले होते. चार वर्षांपूर्वी एकूण ११ लाख ४० हजार मते पडली होती. ती आता पावणेअठ्ठावीस लाख झाली. एवढ्या वेगाने माणसे प्रौढ होत नाहीत. १९६० च्या जनगणनेत सारा देश ६७ लाखांचा, त्यातली निम्मी तर पोरे. आणि विरोधक २,९९,११६ वरून २,४५२: एकशे बावीसातला एक उरला. सीपीपीचा कोंबडा आणि एनएलएमचे कोकोचे झाड आमनेसामने होते तेव्हा एकट्या अशांतीतून या ‘नाही’च्या अठ्ठेचाळीस पट विरोधी मते निघाली होती. मला उलट प्रश्न पडतो तो या २,४५२ चा. निकाल आधीच ठरला असेल तर शून्य का नाही लिहिले? कुणीतरी कुठल्यातरी जिल्ह्यात प्रामाणिकपणे मोजले असणार, किंवा शून्य फार नागडे दिसेल असे कुणाला तरी वाटले असणार. दोन्ही शक्यतांत त्या मोजणी करणाऱ्या कारकुनाला माझा नमस्कार.

पुढच्या वर्षी तर मोजायचेच उरले नाही. १९६५ च्या निवडणुकीत १९८ जागा, १९८ उमेदवार, सगळे बिनविरोध; मतदान झालेच नाही. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला डांक्वा न्सावामच्या तुरुंगात वारले. २४ फेब्रुवारी १९६६ ला एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली. सत्तावीस लाख चौऱ्याहत्तर हजार ‘होय’वाल्यांपैकी त्यांच्यासाठी मोठा मोर्चा काढणारे कुणी निघाले नाही, पक्षावर बंदी आली आणि तो एका दिवसात नाहीसा झाला.

ऑगस्ट १९६९ मध्ये लष्कराने पुन्हा पेट्या मांडल्या. या वेळी एकूण सुमारे १५ लाख मते पडली. १९६४ चे उरलेले पावणेतेरा लाख मतदार कुठे गेले, ते ज्याने त्याने ठरवावे. परतलेल्या बुसियांच्या प्रोग्रेस पार्टीला ५९ टक्के मते आणि १४० पैकी १०५ जागा मिळाल्या. ५६ साली सीपीपीला सत्तावन्न टक्क्यांवर १०४ पैकी ७१ मिळाल्या होत्या. तेव्हा याच पद्धतीने विरोधात बसलेले बुसिया आता तिच्या बळावर पंतप्रधान झाले. विरोधी बाकांवर २९ जागा घेऊन आली नॅशनल अलायन्स ऑफ लिबरल्स, आणि तिचे नेते होते कोमला ग्बेडेमा: पुढारी तुरुंगात असताना ५१ ची निवडणूक जिंकून देणारे, कोकोचा भाव ७२ शिलिंगांवर बांधणारे, आणि १९६१ मध्ये एन्क्रुमांशी बिनसून देश सोडणारे. ते स्वतःच्या मतदारसंघातून निवडून आले. पण नव्या घटनेत, जुन्या राजवटीच्या चौकशीत ठपका आलेल्यांना सभागृहात बसता येणार नाही असे कलम होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या विरुद्ध लागला, आणि एकोणतीसचे अठ्ठावीस झाले.